जिप्सम: रानात किती टाकायचं, साच्यात कसं कालवायचं, सगळं हिशोबासकट

शिरोळ तालुक्यात आमचं थोडं रान आहे आणि मी कोल्हापुरात पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) साचे करायचं काम करतो, त्यामुळं जिप्समची पोती माझ्या दोन्ही दारात असतात, रानातही आणि वर्कशॉपमध्येही. तरीपण पहिली दोन वर्षं मला रानातलं जिप्सम म्हणजे नेमकं काय आणि ते कधी टाकायचं हे नीट कळलेलं नव्हतं आणि त्यात पैसे गेले. ज्यांना रानासाठी घ्यायचंय, ज्यांना मूर्ती किंवा साच्याचं काम करायचंय, त्यांनी हे वाचून मगच पोती उतरवून घ्या, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी ती वस्तू काय आहे ते

जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक रेणूमागं दोन पाण्याचे रेणू पक्के बांधलेले असतात. वजनाने बघितलं तर शुद्ध जिप्सममध्ये जवळजवळ २१ टक्के पाणी, २३ टक्के कॅल्शियम आणि साडेअठरा टक्के गंधक असतं. म्हणजे १०० किलोचं जिप्सम उचललं की त्यातलं २१ किलो पाणीच असतं, आणि हात लावला तर पावडर कोरडी ठणठणीत. दगड इतका मऊ की नखानं ओरखडा उठतो. खाणीतलं जिप्सम आपल्याकडं बहुतेक सगळं राजस्थानातून येतं, बिकानेर, नागौर, जैसलमेर त्या पट्ट्यातून. याशिवाय फॉस्फरिक ॲसिडच्या कारखान्यातून निघतं ते फॉस्फोजिप्सम, मिठागरात मीठ तयार होताना बसतं ते, आणि औष्णिक वीज केंद्रात धुरातलं गंधक पकडताना तयार होतं ते, असे प्रकार आहेत. आयुर्वेदात गोदंती म्हणतात तीपण हीच, आणि शाळेतला खडूसुद्धा बहुतेक यापासूनच झालेला असतो.

पुढचं सगळं काम या आतल्या पाण्यावर आणि बाहेरून दिलेल्या पाण्यावर चालतं, त्यामुळं तेवढं डोक्यात ठेवा.

तव्यावरची तपासणी

पोतं घेतलं की मी पहिल्यांदा दोन गोष्टी करतो. एक, चमचाभर पावडरीवर लिंबू पिळायचं किंवा व्हिनेगर टाकायचं. फसफसलं तर त्यात चुनखडीचा चुरा आहे, जिप्सम फसफसत नाही. दुसरी तपासणी जरा वेळखाऊ आहे पण पैसे वाचवणारी. पावडर दिवसभर कडक उन्हात पसरून ठेवायची म्हणजे वरची ओल जाते, मग १०० ग्रॅम नीट मोजून जुन्या लोखंडी तव्यावर टाकायची आणि बेताच्या आचेवर उलथन्यानं हलवत राहायचं. पाचसात मिनिटांत बघा काय होतंय, कोरडी पावडर दूध उकळल्यासारखी खदखदायला लागते, मध्येमध्ये छोटे खड्डे पडतात, बुडबुडे येऊन फुटतात, उलथनं फिरवलं तर पाण्यातून फिरवल्यासारखं हलकं जातं. वर थंड स्टीलची ताटली धरली की तिच्या खालच्या बाजूला थेंब जमतात. एवढं पाणी त्या कोरड्या पावडरीत होतं! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोराला हाक मारून बोलवून दाखवलं होतं.

खदखद थांबली, ताटलीवर वाफ धरायची बंद झाली, की अजून दहाएक मिनिटं भाजायचं, गार करायचं आणि लगेच वजन करायचं. शुद्ध माल असेल तर १०० चे ७९ ग्रॅम राहतात. आमचे एकदा ८४ राहिले, म्हणजे १६ ग्रॅम पाणी गेलं, १६ ला २०.९ नं भागलं की ०.७७ येतं, म्हणजे माल साधारण ७७ टक्के. बाकीची माती, रेती. लॅबसारखं अचूक नाही हे, पण दोन ट्रकांतला फरक लगेच कळतो. भाजताना तोंडाला फडका बांधा, खिडकी उघडी ठेवा, आणि तो तवा परत भाकरीला वापरू नका.

रानासाठी: आधी माती, मग जिप्सम

आता आमची चूक सांगतो. कृष्णाकाठच्या आमच्या खालच्या रानात उसाला वर्षानुवर्षं पाटानं पाणी दिलेलं, वर पांढरा थर यायला लागला आणि उगवण विरळ व्हायला लागली. एका दुकानदारानं सांगितलं की जिप्सम टाका सगळं बरं होतंय, आणि आम्ही माती न तपासता ट्रॉली रिकामी केली. काहीच फरक पडला नाही, उलट पुढच्या उन्हाळ्यात थर जास्त दिसला. कारण ती जमीन खारवट होती, चोपण नव्हती, आणि पाणी बाहेर जायला वाटच नव्हती. मीठ साचलेल्या जमिनीत आपण अजून एक मीठ नेऊन टाकलं.

हा फरक प्रत्येकानं समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. खारवट जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, ईसी म्हणजे क्षारांचं माप ४ च्या वर, पीएच साडेआठच्या खाली, वर पांढरा थर, माती पोकळ आणि ओलसर. तिथं निचरा आणि गोडं पाणी हाच इलाज. चोपण जमिनीत क्षार तेवढे नसतात, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो, पीएच साडेआठच्या वर, ईएसपी म्हणजे सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर, आणि आपल्या भारी काळ्या मातीत तर त्याच्या आधीच त्रास जाणवायला लागतो. पाणी दिलं की साबणासारखी चिकट, वाळली की दगड, पाणी वर तसंच उभं राहतंय. जिप्सम हिला लागतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणावरून ढकलून त्याची जागा घेतं, सोडियम सल्फेट होऊन पाण्यात विरघळतं, आणि ते पाणी खाली निघून गेलं तरच काम पूर्ण होतं. दोन्ही दोष एकत्र असलेली खारवट-चोपण जमीनपण असते, तिला निचरा आणि जिप्सम दोन्ही लागतं.

घरी बघायचं असेल तर दोन काचेचे ग्लास घ्या, दोन्हीत पावसाचं किंवा बॅटरीत भरायला मिळतं ते शुद्ध पाणी (डिस्टिल्ड वॉटर), बोअरचं नको. दोन्हीत सारखीच चमचाभर माती टाकून हलवा आणि एकातच चिमूटभर जिप्सम टाका. आबांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, मी हे ओट्यावर करून दाखवलं. सकाळी ठेवलेले ग्लास संध्याकाळी बघितले तर बिनजिप्समचा ग्लास चहासारखा गढूळ तो गढूळच, आणि दुसऱ्यात माती खाली बसलेली, वरचं पाणी एवढं नितळ की पलीकडचा पेपर वाचता यावा.

आबा म्हणाले, "आरं, मग हे आधी का न्हाई केलंस?"

"आबा, तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं? हे वरच्या रानातलं आहे, खालच्या रानातली माती अशी वागत नाही, तिथं दोन्ही ग्लास सारखेच निवळले."

"मग खाली आधी चर काढूया, जिप्समचं वरच्या रानापुरतं बघ."

बरोबर तेच केलं. ग्लासवर विसंबून पूर्ण खर्च करू नका मात्र, लॅबचा रिपोर्ट लागतोच. एकरात नागमोडी चालत आठदहा ठिकाणची माती घ्यायची, फूटभर खोलीपर्यंत, बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाखालची घ्यायची नाही, सगळी मिसळून चौथाई करत (चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देत) अर्धा किलो उरवायची आणि सावलीत वाळवायची. देताना तोंडानं सांगा की पीएच, ईसी बरोबर ईएसपी आणि जिप्समची गरज पण काढून द्या, कारण नेहमीच्या रिपोर्टात ते नसतंच. साखर कारखान्यांच्या लॅब आहेत, सरकारी लॅब आहे, कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातही विचारता येतं.

मात्रेचा हिशोब

रिपोर्टात किती सोडियम हटवायचाय ते मिलिइक्विव्हॅलंट या लॅबच्या मापात असतं. वरच्या १५ सेंटिमीटर थरातून दर १०० ग्रॅम मातीमागं १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला एकरी साधारण साडेसात क्विंटल शुद्ध जिप्सम लागतं. समजा ४ हटवायचाय, तर ३० क्विंटल. पण आपला माल ७७ टक्के, म्हणून ३० ला ०.७७ नं भागायचं, झाले साधारण ३९ क्विंटल. हे सगळं एका वर्षात टाकायची गरज नाही, आम्ही निम्मं पहिल्या वर्षी टाकलं, माती परत तपासली आणि मग पुढचं ठरवलं. मला तरी हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो, कारण पहिल्या निम्म्यातच मातीत पाणी मुरायला लागतं.

आता पाणी. जिप्सम एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. वरच्या हिशोबातल्या निम्म्या मात्रेत १५ क्विंटल शुद्ध जिप्सम आहे, ते विरघळायला सहा लाख लिटर पाणी हवं, म्हणजे एकरभर १५ सेंटिमीटर उभं पाणी. चोपण मातीत कॅल्शियम लगेच कणाला चिकटत असल्यामुळं थोडं जास्त विरघळतं, तरी अंदाज यावा म्हणून सांगितलं. पावसाच्या तोंडावरच का टाकायचं ते यातून कळेल, ठिबकवर असलेल्या रानात उन्हाळ्यात टाकून वर्षभर वाट बघणारे लोक मी बघितलेत.

करायची पद्धत अशी: मे महिन्यात रान सपाट करून घ्या, बांध नीट घाला, शेताच्या उतारावर चर उघडा. जिप्सम बारीक दळलेलं हवं, गोट्या नकोत. वारा पडलेला असताना सकाळी सारखं पसरा आणि रोटाव्हेटर किंवा कुळवानं वरच्या चारपाच इंचातच मिसळा. नांगरून खाली गाडू नका, वरची माती सुधारली तरच पाणी खाली उतरणार. मग पावसाचं पाणी बांधात चारपाच दिवस मुरू द्या, न मुरलेलं चरातून काढा, परत साठवा, असं दोनतीनदा. त्यानंतर धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून फुलायच्या आधी गाडला की माती भुसभुशीत होते आणि मुळांच्या वाटेनं पाणी अजून खाली जातं. निचरा हा सगळ्याचा पाया आहे. शिरोळमध्ये दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून क्षारपड जमिनी परत पिकाखाली आणल्यात, ते काम एकदा जाऊन बघा, मग जिप्समची पोती मोजायच्या आधी पाईपचा विचार का करायचा ते आपोआप समजतंय.

मातीवर लिंबू पिळल्यावर फसफसत असेल तर तिच्यात चुनखडी आहे, मग जिप्समऐवजी गंधकपण चालतं. जीवाणू गंधकाचं आम्ल करतात आणि ते चुनखडीला लागून जागेवरच जिप्सम तयार होतं. १०० किलो जिप्समचं काम साडेअठरा किलो गंधक करतं, वाहतूक वाचते, पण वेळ लागतो आणि ओल टिकवावी लागते.

भुईमुगाला वेगळ्या कारणासाठी लागतं. आऱ्या (फुलानंतर जमिनीत जाणारे, शेंग धरणारे देठ) जमिनीत घुसताना शेंगेला कॅल्शियम थेट मातीतून घ्यावं लागतं, मुळातून येत नाही, म्हणून आऱ्या सुटायच्या वेळी एकरी दीड ते दोन क्विंटल ओळीच्या बाजूनं द्या, पोचट शेंगा कमी होतात. सिंगल सुपर फॉस्फेट टाकत असाल तर त्यात साधारण निम्मं जिप्समच असतं हे धरून चला. आणि आजरा, राधानगरी, गगनबावड्याकडच्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीचा पीएच वाढवायला जिप्समचा उपयोग नाही, तिथं चुना लागतो.

पीओपी: गेलेलं पाणी परत देणं

तव्यावर जे केलं तेच भट्टीत १५० अंश सेल्सिअसच्या आसपास बेतानं केलं की चारातलं तीन हिस्से पाणी जातं आणि राहतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. परत पाणी दिलं की ते पाणी पिऊन बारीक सुयांसारखे स्फटिक तयार होतात, एकमेकांत गुंततात आणि घट्ट होतं. लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७६५ मध्ये हेच पाण्याचं जाणं-येणं उलगडून दाखवलं होतं. जास्त भाजलं, तीनचारशे अंशाच्या पुढं गेलं, की माल मेला, मग पाणी दिलं तरी वेळेत धरत नाही.

घट्ट व्हायला खरं पाणी लागतं १०० किलोला १८ किलो सहाशे ग्रॅम, पण तेवढ्यात ओतता येत नाही म्हणून आपण ६५ ते ७० टाकतो. ते जास्तीचं पाणी वाळताना उडून जातं आणि तिथं भोकं राहतात. म्हणूनच पातळ कालवलेला साचा हलका आणि ठिसूळ होतो. माझं माप एक लिटर पाण्याला दीड किलो पावडर, रोज वजन करूनच. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. चाळणीतून हळूहळू सोडा, वर बेटासारखी दिसायला लागली की थांबा, दीडदोन मिनिटं भिजू द्या, मग बुडाशी हात ठेवून एकाच दिशेनं सावकाश फिरवा म्हणजे हवा शिरत नाही. साच्याच्या एका कोपऱ्यातून ओता. थोड्या वेळानं गरम लागतं, ते गार होत आलं की सोडवा. गरम होणं हलक्यात घेऊ नका, हाताचापायाचा साचा घ्यायला लहान मुलांचे हात जाड थरात कोंबून ठेवले तर भाजतात, तसं कधीच करू नका.

कालवलेलं पाच मिनिटांत धरायला लागलं तर आधी बादली बघा. तळाशी कालचा घट्ट थर राहिलेला असतो, त्याचे कण बी सारखे काम करतात आणि माल लवकर धरतो. मीठसुद्धा लवकर धरवतं, आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्व उशीर करवतं. पावसाळ्यात पोतं फरशीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, हवा लागलेला माल गाठी धरतो. धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, पाईप कायमचा बसतो. साचा वाळवताना पन्नास अंशाच्या वर तापवू नका, नाहीतर आतलं बांधलेलं पाणी परत निघायला लागतं आणि कडा भुसभुशीत होतात.

हुपरी, फौंड्री आणि घर

हुपरीत चांदीचं कास्टिंग करणारे जी पांढरी इन्व्हेस्टमेंट पावडर वापरतात ती म्हणजे सिलिका आणि तिला धरून ठेवणारं जिप्सम. १०० ग्रॅमला ४० मिलिलिटरच्या आसपास पाणी, पाकिटावर जे लिहिलंय तेच पाळा, आणि साच्यातला मेणाचा नमुना जाळून काढताना भट्टी ७५० अंशाच्या वर नेऊ नका. त्याच्यावर गेलं की मेणाच्या उरलेल्या काजळीशी सल्फेटची क्रिया होऊन गंधकाचा वायू सुटतो आणि चांदी काळी पडते. मेण पूर्ण जळू देणं हा त्यावरचा उपाय.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत पीओपीचा उपयोग पॅटर्न आणि नमुने काढायला होतो, ॲल्युमिनियमच्या ओतकामाला प्लास्टरचा साचाही चालतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड ओतायला मात्र हा साचा नाही, ते १३०० अंशाच्या पुढं ओतलं जातं आणि तेवढ्या उष्णतेला जिप्सम स्वतःच फुटतं.

सिमेंटच्या कारखान्यात क्लिंकर (भट्टीतून निघालेले सिमेंटचे गोटे) दळताना ३ ते ५ टक्के जिप्सम घालतात, ते नसलं तर पाणी टाकल्याबरोबर सिमेंट आवळून येईल आणि गवंड्याला थापीसुद्धा फिरवता येणार नाही. घरात सिलिंगला जिप्समचे बोर्ड लावतात त्यात आगीचा फायदा आहे, आग लागली की आतलं २१ टक्के पाणी वाफ होऊन निघेपर्यंत मागची बाजू शंभर अंशाच्या आसपासच राहते. ओल येणाऱ्या भिंतीला आणि बाहेरच्या बाजूला जिप्सम प्लास्टर करू नका, विरघळणारी वस्तू आहे ती, आणि स्क्रू गॅल्व्हनाइज्डच वापरा नाहीतर गंजाचे डाग वर येतात.

मूर्तीचं विसर्जन

कोल्हापुरातल्या गंगावेस, बापट कॅम्पच्या कुंभार बांधवांचं काम मी लहानपणापासून बघतोय, त्यांच्या हातातली कला मोठी आहे, आणि मी स्वतः साचेवाला असलो तरी घरची मूर्ती शाडूचीच आणतो. शाडू पाण्यात सुटतो, पीओपी सुटत नाही. हिशोब तोच, लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला दोन हजार लिटर स्वच्छ पाणी, तेही रंगाचा थर मध्ये नसेल तर. कोल्हापुरातल्या विसर्जनाच्या इराणी खणीत किंवा पंचगंगेत महिन्यांनी जे भाग वर दिसतात ते यामुळं.

घरात पीओपीची मूर्ती आली असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं सुचवलेली रीत करता येते. मूर्तीच्या वजनाएवढं अमोनियम बायकार्बोनेट, ज्याला बेकरीवाले खायचा अमोनिया म्हणतात, ते मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात विरघळवा. पाच किलोला पंचवीस-तीस लिटर तरी पाणी घ्या. हार, निर्माल्य, कापड आधी काढून ठेवा. मूर्ती आत ठेवून दोनतीन तासांनी ढवळत राहा, पिंप गच्चीवर किंवा अंगणातच ठेवा कारण वास नाकाला झोंबतो, झाकण घट्ट लावू नका कारण आत वायू तयार होतो. दोनेक दिवसांत बहुतेक सगळं सुटतं. खाली बसतो तो चुनखडीचा गाळ, आणि वरच्या पाण्यात असतं अमोनियम सल्फेट, खताच्या दुकानात पोत्यानं मिळतं तेच. ते पाणी गाळून दहा-वीस पट पातळ करून फुलझाडांना घाला, ऑइल पेंटची मूर्ती असेल तर भाजीपाल्याला अजिबात नको, आणि गाळ वाळवून खड्डा भरायला टाका.